वहीतली ग्लँडची दोरी

आमच्या घरात दोन वह्या आहेत. एक दुधाची, एक बोटीची. दुधाची सासूबाईंकडे, बोटीची माझ्याकडे. डिझेल, बर्फ, खलाशांची उचल, बोटीवरचं रेशन, जाळ्याची दुरुस्ती... सगळं त्या लांबट वहीत. बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत शिकलेली सून मिळाली म्हणून लग्नानंतर महिन्याभरातच हे काम माझ्याकडे आलं. त्याला आता तेवीस वर्षं झाली. मासळी आली की हर्णैच्या किनाऱ्यावर लिलावाला मी उभी. पण बोटीत काय चाललंय, इंजिन कसं आहे, हे सगळं 'यांचं' खातं. आमच्या पाजपंढरीत बहुतेक घरांतून अशीच वाटणी असते.

गेल्या वर्षी एप्रिलच्या शेवटी मोसमाचा हिशेब घेऊन बसले होते. हे तेव्हा मुंबईत, नणंदेकडे. मणक्याचं ऑपरेशन झालेलं. तीन महिने वाकायचं नाही, काही उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. बोट धाकटे भावोजी चालवत होते. बेरीज करता करता एकच नोंद पुन्हा पुन्हा दिसायला लागली. 'ग्लँडची दोरी.'

तुम्ही म्हणाल, हे काय? इंजिनाचा शाफ्ट बोटीच्या बुडातून बाहेर पाण्यात जातो. त्याच्या टोकाला पंखा. शाफ्ट तर फिरता राहिला पाहिजे, आणि पाणी तर आत येता कामा नये. म्हणून तो जिथून बाहेर पडतो तिथे ग्रीस लावलेली जाड दोरी ठासून भरतात. आमच्याकडे एकदा भरली की मोसम निघतो. वहीत ती सहा वेळा होती! शिवाय इंजिनाखालच्या रबरांच्या दोन जोड्या. कपलिंगचे बोल्ट तीनदा. रकमा लहान लहान, कुठे साडेतीनशे, कुठे सहाशे. त्यामुळे कुणाच्या डोळ्यावर आल्या नव्हत्या.

मिक्सरचं भांडं नीट बसलं नाही तर काय होतं, ते आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. आवाज बदलतो, खालचं रबराचं कपलर झिजतं आणि आपण बाजारातून नवीन कपलर आणत बसतो. खरा दोष भांड्याच्या बैठकीत असतो. मला वाटलं, इथेही तसंच तर नसेल?

भावोजींना विचारलं. "वहिनी, इंजिन म्हातारं झालं," म्हणाले. मेकॅनिकला विचारलं. तो म्हणाला, "रबर बदलू, थोडे मोठे बोल्ट मारू. चार हजारांत काम." मी म्हटलं, रबर तर दोनदा बदललं. त्यावर तो हसला. हसण्यात 'तुम्ही लिलावाचं बघा' असा भाव होता. असो.

मग मी सुतारकाकांना गाठलं. वय सत्तरीच्या पुढे. आयुष्यभर लाकडी होड्या बांधल्या. फायबरची बोट त्यांना मुळीच आवडत नाही. "ती बादली आहे, होडी नाही," असं म्हणतात. पण आले. १ जूनला मासेमारी बंद होते ती ३१ जुलैपर्यंत, एकसष्ट दिवस. आमची बोट तेव्हा आंजर्ल्याच्या खाडीत वर ओढून शाकारलेली. काकांनी शिडी लावली, आत उतरले आणि खिशातून लहानशी हातोडी काढून इंजिनाखाली ठोकायला लागले. टण, टण, टण... धप. पुन्हा टण... धप, धप.

"ऐकलंत?" त्यांनी वर बघून विचारलं. मी शिडीवरूनच ऐकलं होतं. नारळ विकत घेताना जे कान लावतो तेच कान की! त्यांनी एक बोल्ट पाना लावून काढायला घेतला, तर पाना लागायच्या आधीच तो हाताने फिरला. भोकातून तपकिरी पाणी आलं. आंबूस वास. काकांनी त्यात स्क्रूड्रायव्हर घातला, तो मुठीपर्यंत आत गेला आणि बाहेर येताना चहाच्या चोथ्यासारखं काहीतरी घेऊन आला.

इथे थोडं समजावून सांगते, कारण मलाही ते तेव्हाच कळलं. बोट फायबरची असते म्हणजे काचेच्या तंतूंचं कापड आणि रेझिन यांचे थर एकावर एक बसवलेले असतात. हे कवच सडत नाही. पण आमच्या चार सिलिंडरच्या इंजिनाचं वजन गिअरबॉक्ससकट साडेचारशे किलोच्या आसपास. ते नुसत्या कवचावर ठेवता येत नाही. म्हणून बुडाला दोन लांब लाकडी तुळया चिकटवतात आणि त्यांच्यावरून फायबरचं कापड चढवतात. मेकॅनिक लोक त्याला 'फाउंडेशन' म्हणतात. वरून सगळं गुळगुळीत, पांढरं, छान. इंजिन बसवायला त्यातून बोल्टची भोकं पाडतात, आणि भोकाच्या आतलं लाकूड कुणी बंद करत नाही. तिथून डिझेल, बर्फाचं पाणी, खारं पाणी थेंबाथेंबाने मुरत राहतं. लाकडी होडीतलं लाकूड भिजतं तसं वाळतंही. इथे ते बंद डब्यात. जायला वाट नाही. लाकूड मऊ पडलं की बोल्ट ढिले, बोल्ट ढिले की इंजिन एका बाजूला दोन-तीन मिलिमीटर खचणार. तेवढ्याने शाफ्ट आणि गिअरबॉक्स एका रेषेत राहत नाहीत, शाफ्ट थरथरतो, ग्लँडची दोरी खातो. आणि एखाद्या दिवशी लाटांत इंजिन जागेवरून सुटलं तर शाफ्ट ओढला जाऊन बुडालाच भोक पडतं. भावोजी आणि चार खलाशी बोटीत असतात.

ठरवलं, उघडायचं. पैशांचा प्रश्न होताच. डिझेलचा परतावा अडकलेला, ऑपरेशनला साठवलेलं सगळं गेलेलं. आम्हा लिलावातल्या अकरा बायकांची भिशी आहे. माझा नंबर डिसेंबरात होता. जूनचा नंबर जिचा, तिच्याकडे गेले आणि तिला वहीच दाखवली. तिने पानं उलटली, 'ग्लँडची दोरी' सहा वेळा मोजली, आणि म्हणाली, "माझ्या पोराचं लग्न मार्गशीर्षात. तू आत्ता घे, मी डिसेंबरात घेईन." एवढंच बोलणं झालं.

फायबरचं काम करणारा पोरगा दापोलीहून आला. कामाला चांगला, पण पाण्याच्या टाक्या आणि होड्यांची भोकं बुजवून हात बसलेला. इंजिन उचलायच्या आधी काकांनी त्याला थांबवलं. शाफ्टच्या रेषेत बारीक तार ताणून बांधली. बोल्टची सगळी भोकं एका प्लायवर उतरवून घेतली. बुडापासून प्रत्येक बोल्टची उंची मोजली. आकडे लिहायला कुणीतरी हवं होतं. मी वही घेऊन आत उतरले.

आता हे लिहायला सोपं आहे. आमच्या घरात बाई बोटीत चढते ती पूजेला, तेही पुढच्या बाजूला. इंजिनाच्या खणात तर कधीच नाही. संध्याकाळी सासूबाईंनी नुसतं विचारलं, "काय गो, आत उतरलीस म्हणे?" मी हो म्हटलं. त्या गप्प बसल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी बोटीवर चहाची किटली आली, चार कप. म्हणजे माझाही धरून.

चेनपुलीने इंजिन उचलून बाजूला घेतलं आणि पोराने ग्राइंडरने फाउंडेशनची वरची कातडी कापली. बाजूच्या भिंती तशाच ठेवायच्या, म्हणजे नवीन लाकडाला साचा तयार. आतला भुगा आम्ही घमेल्याने काढला. फायबरची धूळ अंगाला लागली की जी खाज सुटते! पहिल्या दिवशी मी कढत पाण्याने आंघोळ केली, ती चूकच. गार पाण्याने धुवायचं, चोळायचं नाही. पूर्ण बाह्या आणि तोंडाला चांगला मास्क. ओढणी बांधून भागत नाही.

तिसऱ्या दिवशी पोराने हाक मारली. "वहिनी, इथे आधी कुणीतरी काम केलंय." उजव्या बाजूच्या तीन भोकांत पुट्टी भरलेली होती आणि तिथले बोल्ट बाकीच्यांपेक्षा जाड होते. वर रंग मारलेला. म्हणजे मेकॅनिकने मला सांगितलेला तोच चार हजारांचा उपाय आधी एकदा झाला होता.

घरी येऊन जुन्या वह्या काढल्या. तीन वर्षांपूर्वीच्या जुलैत, माझ्या अक्षरांच्या मध्ये यांच्या अक्षरात एक नोंद होती. 'किरकोळ – १,२००.'

फोन लावला. "अहो, किरकोळ म्हणजे काय?"

पलीकडे बराच वेळ काही नाही. मग म्हणाले, "तेव्हा हिची फी भरायची होती." हिची म्हणजे आमच्या लेकीची, नर्सिंगची. "इंजिन उचलायचं म्हटलं असतं तर एकच काहीतरी झालं असतं. तुला सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

मी रागावले, बरंच बोलले. तीन वर्षं तुम्ही त्या इंजिनावर बसून समुद्रात गेलात, धाकट्या भावाला नेलंत, आणि मी इथे दोरीचे साडेतीनशे लिहीत बसले, असं सगळं. ते ऐकून घेत होते. पण त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं नाही. काय केलं असतं ते मला आजही सांगता येत नाही. लेक आता नोकरीला लागली आहे, तिला आम्ही यातलं काही बोललेलो नाही.

लाकूड कुठलं घालायचं, यावर काका आणि पोरगा यांचं वाजलं. पोरगा म्हणाला, बाजारातून प्लाय आणू. काका म्हणाले, प्लाय घालायचा तर मी चाललो. सासूबाई ओटीवर बसून ऐकत होत्या. आमच्या जुन्या घराचं छप्पर ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात गेलं. त्यातली सागाची एक तुळई त्यांनी पागोळ्यांपासून लांब, माळ्यावर जपून ठेवली होती. नवीन घर बांधू तेव्हा तिची चौकट करायची म्हणून. त्याच म्हणाल्या, "ती न्या. चौकट काय, पत्र्याचीही चालते."

साठ-सत्तर वर्षं वाळलेला साग! काकांनी तिला हात लावला आणि फायबरच्या बोटीबद्दल पुढे अवाक्षर काढलं नाही. पण सागात तेल असतं. नेहमीचं पॉलिस्टर रेझिन त्याला नीट धरत नाही, आणि जुन्या फायबरलाही ते इपॉक्सीइतकं घट्ट धरत नाही. इपॉक्सी कितीतरी महाग. पुन्हा वही, पुन्हा भिशीचे पैसे मोजणं. इपॉक्सीच आणलं. चिकटवण्याच्या अगदी आधी साग ॲसिटोनने पुसायचा, म्हणजे वरचं तेल निघतं. (पॉलिस्टरचं काम कुणाकडे चालू असेल तर एक सांगून ठेवते. त्यात कोबाल्ट आणि हार्डनर अशा दोन बाटल्या असतात. दोन्ही रेझिनमध्ये वेगवेगळ्या मिसळायच्या. एकमेकींत थेट ओतल्या तर भडका उडतो. मुलांच्या हाताला लागतील अशा तर त्या अजिबात ठेवू नयेत.)

खरी परीक्षा पावसाने घेतली. विचार करा, बोट रिकामी सापडते ती फक्त जून-जुलैत, आणि रेझिनला ओल सहन होत नाही ती नेमकी त्याच दिवसांत! बोटीवर दुहेरी ताडपत्री बांधली. शेजारच्या घरातून वायर ओढून दोनशे वॉटचे चार बल्ब आत टांगले. रोज वाटायचं, आज वाळलं असेल. पोराने सांगितलेली युक्ती अशी: प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने फायबरवर लावायचा आणि रात्रभर ठेवायचा. सकाळी आतून दव धरलं तर ओल अजून आहे. दव धरायचं. वीज जायची. पुन्हा दव. असे सोळा दिवस गेले. इकडे खलाशांचे फोन, "बोट लागणार ना? नाहीतर दुसरीकडे उचल घेतो." मी 'लागणार' म्हणायचे आणि फोन ठेवून ताडपत्रीवरच्या पावसाचा आवाज ऐकत बसायचे.

सतराव्या दिवशी प्लास्टिक कोरडं निघालं. उघडीपही मिळाली. त्या दोन दिवसांत आम्ही तुळया बसवल्या.

इपॉक्सीत प्रमाण चुकलं की संपलं. पॉलिस्टरसारखं 'थोडं जास्त हार्डनर घालू, लवकर वाळेल' असं चालत नाही. मी कोळंबीचा डिजिटल काटा नेला होता. मापाचं काम माझ्याकडेच आलं. एकदा घाईत जास्त माल एकाच उभ्या मगात कालवला, तर तो तापून धुरायला लागला, मग फेकून द्यावा लागला. तेव्हापासून पसरट ताटात, थोडं थोडं. तुळई आणि बूड यांच्या कोपऱ्यात घट्ट लगदा भरून त्याला गोलाई द्यायची असते, कारण काचेचं कापड काटकोनात वळत नाही, खाली हवा राहते. त्यासाठी पोराकडे हत्यार नव्हतं. घरून पळी आणली. पळीच्या पाठीने अशी सुरेख गोलाई आली की पोरगा म्हणाला, "वहिनी, ही पळी मला द्या." दिली नाही. पण आता ती स्वयंपाकालाही चालत नाही.

त्यावर कापडाचे सहा थर. प्रत्येक थर आधीच्यापेक्षा थोडा रुंद, म्हणजे कडा एकाच जागी संपत नाहीत. दमट हवेत इपॉक्सी वाळलं की सकाळी वर मेणचट साय धरते. तिच्यावर तसाच पुढचा थर दिला तर तो सुटून येतो. साध्या पाण्याने घासून धुवायचं, कोरडं करायचं, पॉलिश पेपर मारायचा, मग पुढचा. भांड्याच्या घासणीने ते मीच करायचे. त्या कामाला माझ्याएवढा सराव तिथे कुणालाच नव्हता!

बोल्टच्या भोकांचं मात्र काकांनी डोळ्यांत तेल घालून केलं. बारा मिलिमीटरच्या बोल्टला वीस मिलिमीटरचं भोक पाडलं, ते इपॉक्सीने भरलं, आणि ते कडक झाल्यावर त्याच्या मधोमध बाराचं भोक. म्हणजे बोल्टच्या भोवती सगळीकडे इपॉक्सी, लाकडाला पाणी भेटायला जागाच नाही. वर लोखंडी पट्टी, भार वाटला जावा म्हणून. चौदा वर्षांपूर्वी बोट बांधताना हे केलं असतं तर एका दिवसाचंच काम होतं.

२० जुलैला इंजिन जागेवर आलं. मेकॅनिकही आला, या खेपेला न हसता. कपलिंगच्या दोन तबकड्यांमध्ये फिलर गेजच्या पातळ पात्या घालून चारी बाजूंचं अंतर बघायचं असतं. ते 'थाऊ'मध्ये मोजतात, म्हणजे इंचाचा हजारावा भाग. आमचं कपलिंग पाच इंची, म्हणून फरक पाच थाऊच्या आत हवा. तीन आला. मेकॅनिक हत्यारं गोळा करायला लागला. काका म्हणाले, "जमिनीवरचं माप जमिनीला. पाण्यात टाकून दोन दिवस थांब, मग बघ."

बोट पाण्यात गेल्यावर बूड किंचित आकार बदलतं, असं त्यांचं म्हणणं. फायबरचंही? मेकॅनिकने मान हलवली. दोन दिवसांनी माप घेतलं. वरच्या बाजूला तीन, खालच्या बाजूला अकरा. फरक आठ!

हे त्याच सकाळी मुंबईहून आले होते. कमरेला पट्टा. बोटीत उतरायला बंदी, म्हणून वर काठावर उभे. मेकॅनिक पुढच्या माउंटिंगचे नट थोडे थोडे फिरवत होता, भावोजी पाती घालत होते, आणि मी आत बसून आकडे वाचत होते. पाऊण तास कुणी दुसरं काही बोललं नाही.

"खालचं किती?" यांनी वरून विचारलं.

"सात."

"अजून थोडं."

"पाच... आता चार." वर तीन, खाली चार.

इंजिन सुरू केलं. काकांनी पाण्याचा भरलेला पेला इंजिनाशेजारी नवीन फाउंडेशनवर ठेवला. पाणी थरथरलं, पण सांडलं नाही. हे काठावरून पेल्याकडे बघत होते, माझ्याकडे नाही.

सगळा खर्च त्र्याण्णव हजार चारशे. लोकांनी म्हटलं, त्यात दुसऱ्या हाताचं इंजिन आलं असतं. आलं असतं की, पण ठेवलं कशावर असतं?

या मोसमात ग्लँडची दोरी एकदाच लिहिली आहे, ऑक्टोबरात. रबरं अजून तीच. डिसेंबरात भिशीचा हप्ता फेडून जिची तिला रक्कम मिळाली, मार्गशीर्षातल्या लग्नाला आम्ही सगळे गेलो. फिलर गेज मेकॅनिकचं होतं. मी नवीन विकत घेतलं, ते शिवणाच्या डब्यात असतं आणि महिन्यातून एकदा बाहेर निघतं.

वहीत आता हेही लिहितात. परवा त्यांच्या अक्षरात नोंद दिसली, 'किरकोळ – १४०'. मी काही बोलायच्या आधीच त्यांनी पेन मागून घेतलं, 'किरकोळ' खोडलं आणि वर लिहिलं: 'भजी, दोन प्लेट, बंदरावर.'